गावच्या नावाचं ब्लँकेट

आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की दोन-तीन दिवसांत विचारायचे, "ते जबल अख्दर कसं आहे हो?" मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. इतकी वर्षं मस्कतमध्ये काढून आम्ही तो डोंगर पाहिलेला नव्हता. पाहुणे गाडी ठरवून जाऊन यायचे, संध्याकाळी मोबाइलवर फोटो दाखवायचे आणि आमच्याच सोफ्यावर बसून आम्हाला ओमानची माहिती द्यायचे. वर कसं थंडगार आहे, गुलाब कसे फुलतात, डाळिंबं कशी लागतात. मी चहा टाकायला उठायचे.

न जाण्याला कारणं होती. वर जायला फोर-व्हील गाडी लागते. डोंगराच्या पायथ्याशी पोलीस चौकी आहे, साधी गाडी दिसली की तिथूनच माघारी पाठवतात. आमची गाडी साधी, वर म्हातारी. शिवाय नवऱ्याची सुट्टी. नवऱ्याला मी अहो म्हणते, पण लिहिताना तसं लिहीत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून इथे तो नुसता नवरा. तो एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. शुक्रवारी बाकीचं मस्कत आराम करतं, म्हणजे हॉटेलात जेवायला येतं, म्हणजे लाँड्रीत टेबलक्लॉथचे ढीग. त्याची सुट्टी आठवड्यातल्या कुठल्या तरी आडवारी. मी घरी शिकवण्या घेते, माझी सुट्टी शुक्रवारी. चुकून दोघांची एका दिवशी आलीच तर आम्ही झोपायचो. मस्कतच्या वादी अदाई भागातल्या आमच्या खिडकीतूनही डोंगरच दिसतो, उघडाबोडका, दिवसभर तापलेला. सुट्टीच्या दिवशी आणखी एक डोंगर बघायची हौस आम्हाला नव्हती.

आणि मग हॉटेलनं ठरवलं की लाँड्री बंद करायची, कपडे बाहेरच्या कंपनीला धुवायला द्यायचे. मालकाचं दुसरं हॉटेल जबल अख्दरवर आहे. तिथे रोज खालून धुतलेले कपडे चढवणं जमण्यासारखं नाही, म्हणून तिथली लाँड्री राहणार होती आणि तिला सुपरवायझर हवा होता. नवऱ्याला विचारलं गेलं. जायचं तर एकट्यानं, स्टाफच्या खोलीत राहायचं. कुटुंबाला जागा नाही. मस्कतचं घर कंपनीचं, मुलीची परीक्षा झाली की तेही सोडावं लागणार. म्हणजे तो डोंगरावर आणि मी मुलीला घेऊन भारतात. नाही म्हटलं तर तिघंही भारतात, आणि पन्नाशी उलटलेल्या लाँड्रीवाल्याची कणकवलीत कोण वाट बघत बसलंय? मुलीची दहावी तोंडावर होती, पुढचं सगळं शिक्षण व्हायचं होतं. उत्तर रविवारी द्यायचं होतं.

"तूच सांग," तो रोज म्हणायचा. तो सिंधुदुर्गातला. बाहेर हिंदी बोलतो, कामावर अरबी-इंग्रजीची खिचडी, पण दमला की मालवणीवर येतो. माझं माहेर मुंबईचं, मला मालवणी कळते, बोलता येत नाही. "तू म्हणशीत तसा करूया."

हे ऐकून मला संताप यायचा. जा म्हटलं तर मी त्याला त्या डोंगरावर हाकललं असं होणार, नको म्हटलं तर मी त्याची नोकरी घालवली असं होणार. म्हणून मी म्हणायचे, "तुम्ही ठरवा." मग तो टीव्ही लावायचा. मी उद्याची भाजी निवडायला बसायचे. असे आम्ही एकमेकांच्या गळ्यात ते उत्तर घालत बसलो होतो आणि दोघंही इतके थकलो होतो की धड भांडणसुद्धा जमत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी तोच म्हणाला, "बघून तरी येवया."

त्यानं सुट्टी बदलून शुक्रवारची घेतली आणि मित्राची फोर-व्हील मागून आणली. शुक्रवारी सकाळी मी तयारी केली. इथली माणसं सहलीला निघाली की उन्हाच्या भीतीनंच निघतात. मी आइसबॉक्स भरला, बर्फ टाकला, पाण्याचा कॅन घेतला, कोकम सरबत केलं, दहीभात कालवला. टोप्या घेतल्या, छत्री घेतली, मुलीनं सनस्क्रीन घेतलं. जानेवारी चालू आहे आणि पाहुणे दर वेळी तो डोंगर थंड असल्याचं सांगतात, हे मला ठाऊक होतं, पण सवयीच्या हाताला कुठे ठाऊक होतं! आमच्या घरात स्वेटर नव्हताच. कोकणातल्या माणसाला स्वेटर लागत नाही आणि मस्कतमधल्या माणसाला तर नाहीच नाही. नवरा बारा महिने वाफेच्या इस्त्र्यांमध्ये उभा असतो. त्यानं नेहमीचा अर्ध्या बाहीचा शर्ट घातला.

गाडीच्या मागच्या बाजूला एकच ऊबदार वस्तू होती. मस्कतमधल्या रुवीच्या बाजारातून आणलेलं ब्लँकेट. जाडजूड, दुपदरी, लाल, त्यावर भलेमोठे गुलाब, चेनच्या पारदर्शक पिशवीत कोंबलेलं. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिच्यासाठी. नवऱ्याच्या वाडीतला एक मुलगा रुवीत राहायचा, तो दुसऱ्या दिवशी गावी जाणार होता. येताना त्याच्या खोलीवर ते पोहोचवायचं होतं, म्हणून नवऱ्यानं सामानाबरोबर मित्राच्या गाडीत हलवलं होतं.

आखातात असलेल्या माणसानं गावाला ब्लँकेट पाठवायचं, ही आमच्याकडची रीत. पहिल्या पगारापासून सुरू होते. आईला एक, थोरल्या भावाला एक, लग्न झालेल्या प्रत्येक बहिणीला एक. कोकणातल्या उकाड्यात ती ब्लँकेटं अंगावर घेतली तर माणूस घामानं विरघळेल. म्हणून ती पिशवीसकट कपाटावर बसतात. पाहुणे आले की वर बघतात, "मस्कतचं काय?" विचारतात, बस, तेवढंच त्यांचं काम. नवऱ्यानं आजवर किती पाठवली याचा हिशेब त्यालाही नाही. आमच्या स्वतःच्या घरात मात्र एकही नाही. आम्ही एसी लावून पातळ चादरीत झोपतो आणि थंडी वाजली की एसी बंद करतो.

पायथ्याच्या चौकीवर पोलिसानं गाडीभोवती एक फेरी मारली, कागद पाहिले, नवऱ्याकडे पाहिलं आणि बोटानं गिअरची खूण केली. उतरताना लो गिअर, असं त्याला सांगायचं होतं. "यल्ला," म्हणून त्यानं सोडलं. चढ सुरू झाला तसा नवरा स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, पुढे वाकून चालवत होता. माझे कान बंद झाले. मुलगी मागच्या सीटवर विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती आणि दर वळणाला ते मिटत होती. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता आलं. मग पुढे आणखी एक वळण निघायचं. मनात आलं, हा माणूस महिन्याला एकदा हा रस्ता उतरून विमानतळावर जाणार का? महिन्याला कुठला, वर्षाला एकदा.

वर पठारावर पोहोचून गाडी थांबवली आणि दार उघडलं. वारा असा आत आला की मुलीनं दार पुन्हा लावून घेतलं. आम्ही उतरलो. आभाळ भरून आलेलं, ऊन नावाला नाही. मी छत्री हातात घेऊन उभी होते. ती परत ठेवताना मला स्वतःचंच हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रागही.

समोर दरी होती. दरीच्या पलीकडच्या अंगाला गाव, आणि गावाखाली पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, दगडी बांध घालून डोंगराला लावलेली. फोटोंत ती हिरवीगार असतात. आम्ही गेलो तेव्हा डाळिंबाची झाडं निष्पर्ण होती आणि गुलाबांच्या जागी काटक्या. चहाच्या टपरीवरचा केरळी माणूस म्हणाला, "गुलाब एप्रिल में, अनार अगस्त में." आता काय असतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अभी ठंडी." त्यानं कानटोपी घातली होती, वर मफलर. चहा ओठाला लावेपर्यंत निवला. मी आइसबॉक्स उघडून दहीभात काढला, एक घास खाल्ला आणि परत ठेवून दिला. बर्फ तसाच्या तसा होता.

"मम्मी, आय कान्ट फील माय फिंगर्स," मुलगी म्हणाली. मी माझी ओढणी तिला गुंडाळली. ती शाळेत आणि मैत्रिणींत इंग्रजी बोलते, आमच्याशी मराठी बोलताना आधी मनात जुळवते. या वेळी जुळवून म्हणाली, "गाडीत ब्लँकेट आहे ना? ते आपण... घेऊ?"

"नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो. कितीतरी दिवसांत आमचं एवढं एकमत झालं नव्हतं.

"बट व्हाय?"

"ते गावचं आहे," मी म्हणाले.

"पण ते इथे आहे."

गावच्या नावानं घेतलेली वस्तू उघडायची नसते, हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण माझ्या हाडात बसलेलं आहे. चेन एकदा उघडली की ती वस्तू वापरलेली होते, आणि वापरलेलं दिलं हे गावात लग्नानंतरही दहा वर्षं ऐकायला मिळतं. नवरा हात काखेत घालून उभा होता. ओठ काळेनिळे पडले होते. मी म्हटलं, गाडीत बसा. तर म्हणाला, "माका नाय वाजत थंडी." दात वाजत होते त्याचे.

हॉटेल तिथून जवळच होतं. पाहुण्यांची बाजू दरीच्या कडेला, काचांची. स्टाफची बाजू मागे, जिथे कचऱ्याच्या गाड्या येतात. तिथला वॉचमन नेपाळी होता, त्याला खालून फोन गेलेला होता. आधी त्यानं लाँड्री दाखवली. तिथे शिरल्याबरोबर नवऱ्याचा चेहरा बदलला. नवीन मशीन, नवीन प्रेस, ऊब. त्यानं एका मशीनचं दार उघडून आतल्या रबरावरून बोट फिरवलं, एक घडी केलेला टॉवेल उचलून नाकाला लावला आणि मला म्हणाला, "पाणी बरा आसा हयचा. टॉवेल मऊ रवतलो." मस्कतच्या पाण्यानं टॉवेल कडक होतात म्हणून तो वर्षानुवर्षं कुरकुर करत आला होता. एवढं बोलून तो ओशाळला, मला आवडणार नाही असं काही आपण बोललो की काय, असं वाटून. मला त्याचं वाईट वाटलं. आपलं काम आवडणं हाही या माणसाला गुन्हा वाटायला लागला होता.

मग खोली. लांबलचक पत्र्याच्या इमारतीतली एक, आत दोन लोखंडी खाटा. एका खाटेवर कुणाचं तरी अंथरूण होतं, तो माणूस ड्युटीवर होता. "ये वाला बेड खाली है," वॉचमन म्हणाला. गादी उघडी, पायथ्याशी हॉटेलातून बाद झालेली एक पांढरी चादर घडी करून ठेवलेली. खिडकीच्या फटीत कुणीतरी वर्तमानपत्र कोंबलं होतं. हीटर होता. चालतो का, असं मी विचारलं, तर वॉचमन म्हणाला, "चलता है भाभीजी, कभी कभी. रात को नल का पानी जम जाता है." हे त्यानं कौतुकानं सांगितलं.

नवरा खाटेवर बसला. बसून बघतात तसा आधी जरासा टेकला, मग नीट बसला. गादी दाबून बघितली. भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, पाय लांब केले, खाट पुरते की नाही ते बघायला. पुरली. मग त्याला बहुधा थंडी सहन होईना, त्यानं ती पातळ चादर ओढून घेतली आणि हात मांड्यांमध्ये घालून तसाच पडून राहिला, आम्ही बघतोय हे विसरून. डोक्यावरचे केस विरळ झालेले मला पाठीमागून दिसत होते. घरी तो नेहमी माझ्याकडे तोंड करून झोपतो, म्हणून ते मी कधी बघितले नव्हते.

मुलगी दारात उभी होती. तिला आम्ही अर्धंच सांगितलं होतं, नोकरी बदलेल कदाचित, एवढंच. ती खोलीकडे बघत होती. मग तिनं तिचं ते जुळवलेलं मराठी काढलं. "पप्पा, तू इथे... एकटा राहणार?"

तो उठून बसला. "बघूया," म्हणाला. "मम्मी सांगतली तसा."

पुन्हा माझ्यावर. पण त्या वेळी मला संताप आला नाही. तो त्या चादरीसकट बसला होता, गुडघे जवळ घेऊन, आणि मला एवढंच दिसत होतं की त्यानं उत्तर कधीच ठरवलेलं आहे. टॉवेल नाकाला लावला तेव्हा नाही, त्याच्याही आधी. मुलीला शिकवायचं आहे, म्हणजे त्याला इथे राहायचं आहे. फक्त ते माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. आपल्या बायकोनं आपल्याला थांब म्हणावं असंही त्याला वाटत असणार. मलाही तेच म्हणायचं होतं. मला त्या खोलीत बसून मोठमोठ्यानं सांगायचं होतं की तुम्ही मस्कतला चला, आपण काहीतरी करू, काहीतरी होईल. पण काहीतरी म्हणजे काय, हे आम्ही महिनाभर शोधत होतो.

मी गाडीकडे गेले. वाऱ्यात ओढणी नव्हती, त्यामुळे पळतच गेले. ब्लँकेट काढलं, हँडलला धरून खोलीत आणलं, खाटेवर ठेवलं आणि चेन ओढली. नवीन चेन, अडकली. दातांत धरून ओढावी लागली.

"अगो, काय करतंस?" नवरा उभा राहिला. "भाचयेच्या लग्नाचा आसा ता."

"उठा जरा. गादीवर पसरते."

"आता ह्या गावाक कसा धाडतलंस?"

"नाही पाठवायचं," मी म्हणाले. "भाचीला मी साडी घेईन. हे इथेच राहू दे. पुढच्या महिन्यात सामान घेऊन याल, तेव्हा तेवढंच ओझं कमी."

मी पसरत होते, त्याच्याकडे बघत नव्हते. त्या खोलीत ते लाल गुलाब भलतेच भडक दिसत होते. पिशवीतून निघालेल्या नव्या कपड्याचा वास सुटला होता, तोच, जो गावी प्रत्येक कपाटातून येतो. नवरा पलीकडच्या बाजूनं आला आणि सवयीनं ब्लँकेटचं टोक गादीखाली दुमडायला लागला, हॉटेलात दुमडतात तसं, तिरकी घडी घालून, हातानं सपाट करत. एक कोपरा झाला, मग दुसरा. मुलगी आत आली आणि त्याच्या शेजारी खाली बसून तिसरा कोपरा दुमडायला लागली. तिला जमत नव्हतं. त्यानं तिला दाखवलं.

"रहने दो, चाबी मेरे पास है," वॉचमन म्हणाला. "कोई हाथ नहीं लगाएगा."

उतरताना लो गिअर. गाडी कण्हत उतरत होती. मुलगी मागे पुस्तक छातीवर ठेवून झोपली होती. डोकं खिडकीला आपटत होतं, तरी जागी होत नव्हती. बऱ्याच वेळानं नवरा म्हणाला, "रविवारी सांगतंय तेंका."

"रविवारपर्यंत कशाला थांबताय," मी म्हटलं. "आता करा फोन. रेंज आहे तोवर."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. शर्ट वाऱ्यानं फुगला होता. मोबाइल त्यानं दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. मी काच खाली करून आतून बघत होते. मला वाटलं होतं, या क्षणी मला रडू येईल. आलं नाही. मी फक्त फार दमले होते, आणि पाठीमागे आइसबॉक्समधला बर्फ प्रत्येक वळणावर खडखडायचा, तो गाडी थांबल्यामुळे थांबला होता, त्याचं बरं वाटत होतं.

तो येऊन बसला. हात चोळले, गिअर टाकला.

"झाला," म्हणाला. मग थोडं पुढे गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता, "माका थंडी वाजत होती गो वर. सकाळपासना."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि काच वर केली.